परक्या ओट्यावरची चांदणी

(आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मला भाषण येत नाही हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. माझी शाळा सातवीला संपली. आपल्या चिटणीसबाई घरी येऊन "यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोला" म्हणाल्या, तेव्हा मी भाकरी थापीत होते. तव्यावरची भाकरी करपली, पण मी हो म्हणेपर्यंत बाई काही उठल्या नाहीत. विषयही त्यांनीच दिला : 'अंधारातला दिवा'. त्यांना वाटले असेल, सोपा विषय आहे, ही दिवाळीवर चार शब्द बोलेल, पणत्या-रांगोळी सांगेल आणि खाली बसेल.

पण मी दिवाळीवर बोलणार नाही. मी नाताळाबद्दल सांगणार आहे. पुढच्या रांगेतल्या पोरींनो, हसू नका. नांदूरघाटात कुठला आलाय नाताळ, असे तुम्ही म्हणाल, आणि ते खरे आहे. मी तो इथे पाहिलेला नाही. ऊसतोडीला गेले होते तिथे पाहिला, २०१२ साली, श्रीरामपूर तालुक्यात हरेगावच्या बाजूला.

ते साल तुमच्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल. पाऊस पडलाच नाही. म्हातारी माणसे १९७२ च्या दुष्काळाशी तुलना करू लागली होती. जनावरांच्या छावण्या उघडल्या, हंड्याहंड्यावरून भांडणे झाली. त्या वर्षी भाद्रपद अधिक आला होता, म्हणून सण सगळे पुढे गेले होते. निजभाद्रपदात गौरी जेवल्या, आणि त्याच्या चौथ्या दिवशी माझी धाकटी मुलगी तापाने गेली. पाच वर्षांची होती. त्याहून जास्त मी त्याबद्दल सांगत नाही. इथे बसलेल्या किती तरी जणी तेव्हा माझ्या घरी आल्या होत्या, त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांनी एवढ्यावरून समजून घ्यावे.

दिवाळी आली ती १३ नोव्हेंबरला. दुखवट्याच्या घरी पहिला सण होत नाही. कढई चढत नाही, कंदील लागत नाही, दारात रांगोळी नाही. सोयऱ्यांनी आणि शेजाऱ्यांनी फराळाचे ताट आणून द्यायचे, अशी आपली रीत. ही रीत घालणारा माणूस फार शहाणा असला पाहिजे. ज्या घराला आपल्या हाताने गोड करायचे नाही, त्याच्या तोंडात दुसऱ्याने गोड घालावे, म्हणजे ते घर सणाबाहेर पडत नाही. पण त्या वर्षी कुणाच्याच घरी तळण नव्हते. तेल महाग, पाणी विकत, रानात काही नाही. आले ते दोन लाडू, जावेने आणलेले. ते तसेच डब्यात राहिले. मी कुणाला दोष देत नाही.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी दार लावून घेतले. गल्लीत पोरे फटाके वाजवीत होती. दाराच्या फळ्यांमध्ये फट होती, तिच्यातून समोरच्या घराच्या पणत्यांचा उजेड आत यायचा. तो उजेड मला सहन होईना. शेवटी मी फटीला पोते टांगले. मैत्रिणींनो, दिव्याने दुःख हलके होते असे आपण सहज बोलून जातो, म्हणून मी हे मुद्दाम सांगते आहे. दिव्याने दुःख दुप्पटही होते. दुसऱ्याच्या घरचा दिवा तर फारच.

भाऊबीज झाली आणि ट्रक आला. आषाढातच ह्यांनी मुकादमाकडून उचल घेतली होती. उचल दुखवट्यासाठी थांबत नाही. पत्रे, बांबू, ज्वारीचे पोते, भांडी आणि आठ वर्षांचा मुलगा घेऊन आम्ही निघालो. सासूबाई घरी राहिल्या. कोयता म्हणजे काय हे बीड जिल्ह्यातल्या बायकांना सांगायला नको. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. पहाटे चारला उठायचे, फडात जायचे, त्याने तोडायचा, तिने साळायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस एका जोडीने पाडायचा. ह्या कामाचा एक गुण आहे, तोही सांगते. रडायला वेळ राहत नाही. भादव्यापासून मी रडले नव्हते, आणि घरात दिवाही लावला नव्हता. सांजवात सासूबाई करीत. कोपीत गेल्यावर बॅटरी होती, चुलीचा उजेड होता, दिव्याची गरज पडत नव्हती असे मी मनाशी म्हणायची.

डिसेंबर लागला तेव्हा एक बाई आमच्या कोप्यांकडे आली. वय पन्नाशीचे असेल. जवळच रस्त्याला लागून तिचे पत्र्याचे घर होते, पुढे सारवलेला ओटा. ती म्हणाली, "पोरी, थोडं कोरडं पाचट देतीस का? गोठा करायचाय." मला वाटले तिच्याकडे गाय आहे. मी म्हटले, "मावशी, पाचट कशाला, गाईला वाढे न्या की." तेव्हा ती हसली. म्हणाली, "गाय मातीची हाय गं. नाताळचा गोठा."

त्या भागात ख्रिस्ती मंडळी पुष्कळ आहेत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. हरेगावला पूर्वी साखरेचा जुना कारखाना होता, तो आता बंद आहे. तिथे दरवर्षी सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते, आपल्याकडच्या यात्रेसारखीच, पाळणे, रेवड्या, नवस, सगळे काही. मतमाउली म्हणजे येशूची आई, मारिया. ह्या लोकांची भाषा आपलीच, लुगडी आपलीच, भाकरी आपलीच. मी तिला एक भारा पाचट दिले.

चार दिवसांनी तिच्या ओट्यावर चांदणी लागली. आपण आकाशकंदील करतो तशीच, पाच टोकांची, बांबूच्या कामट्यांची, तांबड्या आणि पांढऱ्या पतंगाच्या कागदाची. आत विजेचा दिवा. आमच्या कोप्यांत वीज नव्हती, आणि रस्त्याला खांब होते पण दिवे नव्हते, त्यामुळे त्या सबंध माळावर रात्री तेवढी एकच वस्तू दिसायची. पहाटे चारला आम्ही फडाकडे निघायचो तेव्हा ती पेटलेली असायची. सायंकाळी परत येताना डोक्यावर वाढ्याचा भारा असायचा, मान वळवता यायची नाही, पण चांदणी दिसली की पायवाट कुठे वळते ते कळायचे. माझा मुलगा म्हणायचा, "आई, चांदणी आली, आता कोपी आली."

समोरच्या पणत्या मला सहन झाल्या नव्हत्या आणि ही चांदणी मला का सहन झाली, ते मला अजून नीट सांगता येत नाही. एक कारण असे असेल की तिच्यात माझी मुलगी कुठेच नव्हती. दिवाळीच्या प्रत्येक पणतीजवळ ती बसलेली होती, वात सरळ कर म्हणून हट्ट करीत होती. ही चांदणी तिने पाहिलेली नव्हती.

दुसरे कारण मला पुढे कळले. एकदा पाणी मागायला गेले तेव्हा मावशी कागद चिकटवीत होती. दवाने एक टोक फाटले होते. मी विचारले, "घरात कोण कोण असतं?" म्हणाली, "सासू हाय. मालक मार्चात गेले." मी गप्प राहिले. मग तीच बोलली, "सासू म्हणाली, यंदा चांदणी नको. पण ह्या कामट्या त्यांनीच तासलेल्या. धा वर्षं झाली. दरसाल कागद तेवढा बदलायचा. लावली न्हाई तर ह्या कामट्यांचं मी करू काय?"

तिच्या ह्या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. मी तिला खळीची वाटी धरून दिली.

मी हे सांगितल्यावर आमच्यातल्या एकाने मुकादमाला सांगितले, आणि मुकादम ह्यांना म्हणाला, "बायकोला त्या घरी जाऊ देऊ नको, ते लोक बाटवतात." आमचे मालक तसे शांत. ते म्हणाले, "पाण्याची घागर भरायला दुसरं दार दाखव, मग जाणार न्हाई." बाटवायचे म्हणाल, तर मावशीने मला धर्माचा एक शब्दही कधी सांगितला नाही. मी विचारले तेवढे सांगितले. येशू जन्मला तेव्हा पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना एक तारा दिसला, त्याच्या मागे मागे ते बेथलेहेम गावाला पोचले, म्हणून ही चांदणी. त्याच्या आईबापांना धर्मशाळेत जागा मिळाली नाही, म्हणून बाळ गोठ्यात जन्मले आणि गव्हाणीत निजविले. मी मनात म्हटले, म्हणजे कोपीच की.

नाताळाच्या दोन दिवस आधी रात्री पेटी आणि ढोलकीचा आवाज आला. हे म्हणाले, "दिंडी आली वाटतं." बाहेर येऊन पाहतो तो पंधरावीस माणसे, हातात टाळ, एकाच्या हातात कंदील, घरोघर गाणी म्हणत चाललेली. चाल अगदी आपल्या भजनाची. शब्द कळले तेव्हा येशूचे नाव कानावर आले. ही चाल त्यांच्यात कशी आली ह्याचे मला किती तरी दिवस नवल वाटे. पुढे आपल्या मंडळाच्या पुस्तकांच्या पेटीत लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' सापडले, तेव्हा थोडा उलगडा झाला. त्यांचे यजमान रेव्हरंड नारायण वामन टिळक हे कवी. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला, लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी, १९०० साली. नगर आणि राहुरी ह्या भागातच त्यांचा संसार झाला. टिळकांनी आपल्या लोकांसाठी भजने रचली ती अभंगाच्या आणि ओवीच्या वळणावर, आणि कीर्तनही केले. ज्यांनी ते पुस्तक वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, आणि लिहितात मात्र अशा, की आपणच त्यांच्या चुलीपुढे बसलो आहोत. मला तर त्यांच्यामुळे आज बोलायचा धीर आला.

आता २४ तारखेची रात्र. मावशी ताट घेऊन कोपीत आली. ताटावर विणलेला रुमाल. खाली करंज्या, शंकरपाळी, चिवडा, दोन चकल्या आणि केकचा एक तुकडा. केक सोडला तर सगळा आपला दिवाळीचाच फराळ. मुलगा ताटाकडे पाहून म्हणाला, "आई, आपली दिवाळी आली का?" मी काय बोलणार? मघाशी मी दुखवट्याच्या ताटाची रीत सांगितली. ते ताट मला आमच्या गल्लीतून यायचे होते. ते सहा आठवड्यांनी, परक्या तालुक्यात, परक्या धर्माच्या बाईकडून आले, आणि तिला ही रीत ठाऊक होती की नव्हती, ते मी विचारले नाही.

जाताना ती म्हणाली, "मी सासूला घेऊन मिस्सेला जाते. यायला दीड-दोन वाजतील. लाइट गेली तर चांदणीजवळ कंदील तेवढा टांगशील का? ओट्यावर भरून ठेवलाय."

तेव्हा खेड्यांतून भारनियमन फार होते. मध्यरात्रीच्या सुमारास वीज गेलीच. मी जागी होते. कोपीतून बाहेर आले तर सगळा माळ काळा झालेला, थंडी अशी की दात वाजत होते. मी तिच्या ओट्यावर गेले, कंदिलाची काच वर केली, वात जराशी चढवली आणि काडी ओढली. गौरीनंतर माझ्या हाताने लावलेला तो पहिला दिवा. काच काळी होऊ नये म्हणून वात पुन्हा खाली केली, कंदील खिळ्याला टांगला आणि तिथेच ओट्यावर बसून राहिले. मग जे भाद्रपदात व्हायला पाहिजे होते ते तिथे झाले. पुष्कळ वेळ झाले. मावशी आली तेव्हा मी तोंड धुऊन बसले होते, पण तिला कळलेच असणार. तिने चहा टाकला. सासू म्हणाली, "कंदील चांगला लावलास गं, काजळी न्हाई." एवढेच बोलणे झाले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा गोठा पाहिला. आमच्याच फडातले पाचट छपराला घातलेले, मातीची गाय, मातीचे गाढव, मेंढरे, आणि मधोमध गव्हाणीत बाळ. दिवाळीत आपण शेणाच्या गवळणी मांडतो ना दारात, तशीच ही मांडामांड. तिच्यामागची गोष्ट मला नंतर वाचायला मिळाली. इटली देशात ग्रेचो नावाच्या गावी १२२३ साली संत फ्रान्सिसने नाताळाच्या रात्री खरा बैल आणि खरे गाढव आणून, गव्हाणीत गवत घालून हा देखावा मांडला. गरिबांना येशूचा जन्म डोळ्यांनी दिसावा हा त्याचा हेतू. मी त्या बाळाकडे फार वेळ पाहू शकले नाही, हे खरे ते सांगते. मुलाने मात्र पोटभर पाहिले आणि मेंढरांत एक मेंढरू लंगडे आहे हेही शोधून काढले.

भगिनींनो, डिसेंबरातच हा सण का, ह्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. उसाच्या फडात राहणाऱ्याला डिसेंबरची रात्र जितकी ठाऊक असते तितकी घरात निजणाऱ्याला नसते. २१-२२ डिसेंबरची रात्र वर्षातली सर्वांत मोठी. आपल्याकडे ती तेरा तासांची. तिकडे उत्तरेकडे, स्वीडनसारख्या देशात, राजधानीच्या शहरातही त्या सुमारास दिवस अवघा सहा तासांचा असतो. दुपारीच दिवे लावावे लागतात. तिथल्या मुली १३ डिसेंबरला, संत लुसियाच्या दिवशी, पांढरे कपडे घालून आणि हातात मेणबत्त्या घेऊन गाणी म्हणतात. आणि आपण काय करतो? वर्षाच्या बारा अमावस्यांतली एक निवडून तिच्यावर दिवाळी मांडतो. पौर्णिमेला मांडली असती तर तेल वाचले असते. पण अंधार असेल तिथेच दिवा मांडायचा, हे इथल्या आजीलाही कळले होते आणि तिथल्याही.

दिव्याने सगळे होते असे मात्र मी म्हणणार नाही. आमचा शेवटचा हंगाम २०१९-२० चा. मार्चात करोनाची टाळेबंदी लागली आणि आम्ही कोपीतच अडकलो. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे लावायचे असे पंतप्रधानांनी सांगितले होते. आम्हीही लावला. बरे वाटले. पण त्या दिव्याने गावाची वाट उघडली नाही. ती एप्रिलच्या मध्यावर सरकारने परवानगी दिल्यावर उघडली. तोपर्यंत पीठ संपत आले होते, आणि पीठ दिव्याने वाढत नाही. दिव्याचे काम वेगळे, पिठाचे काम वेगळे. मावशीने मला दिवा लावायला सांगितले, पण त्याआधी ताट आणून दिले होते.

२०२५ च्या सप्टेंबरात आपल्या मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. सोयाबीन रानातच कुजले, किती जणांची माती खरवडून गेली, ते तुम्ही पाहिले आहे. त्या दिवाळीच्या आधी आपल्या मंडळाच्या बैठकीत जो वाद झाला, तो इथे सांगितल्याबद्दल कुणी रागावू नये. चौकात दरवर्षीसारखा मोठा कंदील लावायचा की नाही हा प्रश्न होता. एका काकूंनी सांगितले, "ज्याची माती वाहून गेली त्याच्या डोळ्यांवर आपण उजेड मारायचा का?" पुष्कळजणींना हे म्हणणे पटेना, पण मला ते पटले. मी फटीला पोते टांगलेली बाई आहे. दुसऱ्या एकीने सांगितले, "कंदील नाही लावला तर पोरांना वाटेल, गावच मेलं." मला तेही पटले. मी चांदणीकडे बघून वाट काढलेली बाईही आहे.

शेवटी जे ठरले ते तुम्हांला ठाऊक आहे. चौकातला कंदील लहान केला, रोषणाईचे पैसे वाचवले, आणि ज्या घरी त्या वर्षी मयत झाले होते किंवा रान गेले होते, त्या घरी दोघीदोघींनी ताट आणि एक पणती घेऊन जायचे. पणती आपण लावायची नाही, उंबऱ्याशी ठेवून यायची. घरच्यांना वाटेल तेव्हा त्यांनी लावावी. हे शेवटचे मी सुचवले होते. का सुचवले ते त्या दिवशी सांगितले नाही, आज सांगितले. एका घरची पणती दिवाळीत लागली नाही. ती त्रिपुरी पौर्णिमेला लागली. मी रोज येताजाता पाहत होते.

आता माझ्या स्वतःच्या कंदिलाबद्दल, कारण त्यावरून गल्लीत माझी थट्टा होते. आपल्याकडे त्रिपुरी पौर्णिमा झाली की कंदील उतरतो. माझा उतरत नाही. तो नाताळ होईपर्यंत असतो. "अगं, दिवाळी संपली, वीज फुकट मिळते का?" असे शेजारच्या वहिनी विचारतात. मी हिशेब केला आहे, ऐका. नऊ वॅटचा दिवा रोज दहा तास जळला तर महिन्याला तीन युनिटही होत नाहीत. तेवढे मी दुसरीकडे वाचवते.

कारण असे आहे. दिवाळीनंतर आपल्या गल्ल्यांतली किती दारे बंद होतात ते मोजा. कोयते गेले की कुलपे लागतात, आणि जिथे कुलूप नसते तिथे एखादी म्हातारी आणि दोन नातवंडे असतात. सायंकाळी सातला गल्ली अशी होते की कुत्रेही भुंकत नाही. आमच्या समोरच्या आजींना डोळ्यांनी कमी दिसते. रात्री बाहेर जायचे तर त्या माझ्या कंदिलाच्या रोखाने भिंत धरून जातात. त्यांनी मला कधी तसे सांगितले नाही. एकदा दिवा उडाला होता, तेव्हा त्यांचा नातू येऊन म्हणाला, "काकू, आजी विचारती, तुमचा कंदील गेला का?" मी त्याच पावली दुकानात गेले.

माझा मुलगा आता पुण्याला कामाला आहे. २४ डिसेंबरला त्याचा फोन येतो. दुसरे काही विचारायच्या आधी विचारतो, "आई, चांदणी लावलीस का?" तो कंदील म्हणत नाही. मावशीकडे पुढे दोन हंगाम आम्ही गेलो, मग आमची टोळी दुसऱ्या कारखान्याला लागली आणि भेट राहिली. तिच्याकडे फोन नव्हता. असेल तर देवाने तिला सुखी ठेवावे.

शेवटी एक कामाचे बोलते आणि बसते. यंदा प्रत्येक गल्लीत निदान एक कंदील कोयते परत येईपर्यंत ठेवावा असे माझ्या मनात आहे. विकतचा प्लॅस्टिकचा नको, तो महिन्यात फिका पडतो. मी चांदणी करायला शिकवीन. फार अवघड नाही. पाच सारख्या कामट्यांची एक चांदणी बांधायची, तशीच दुसरी, दोन्हींची टोके एकत्र आवळायची, आणि मधे पाच बोटभर काड्या उभ्या घालून पोट फुगवायचे. मग पतंगाचा कागद आणि खळ. खळीत चिमूटभर मोरचूद घातले तर झुरळे कागद खात नाहीत, पण मोरचूद विषारी असते, पोरांच्या हाती देऊ नका आणि त्या वाटीत पुन्हा काही खायचे ठेवू नका. दिवा लहान घ्या, तापणारा नको. कागद माझ्याकडे आहे. बांबू मात्र नाही. ज्यांच्या घरी जुना बांबू पडला असेल त्यांनी उद्या दुपारी जेवणे झाल्यावर माझ्या ओट्यावर आणून टाकावा, आणि येताना कोयता धार लावून आणावा. कामट्या तासायला आमचे मालक बसतील, त्यांना मी अजून विचारलेले नाही.